पाऊल जुळवू नका

म्हातारा बांधावरून पडला तेव्हा पहिली शिवी त्यानं दगडाला घातली, दुसरी स्वतःच्या पायाला आणि तिसरी, ऐकायला कुणी नव्हतं तरी, गावच्या पुढाऱ्याला. त्या पडण्याशी पुढाऱ्याचा काही संबंध नव्हता. पण सवय ती सवय.

पाऊस संपून पीक कापणीला आलं होतं. उताराच्या शेताचा बांध पावसानं खालच्या अंगाला फोडला होता, आणि नव्वदीला टेकलेला म्हातारा पहार घेऊन तो रचत होता. दुसरं कोण रचणार? गावातले कमावते पुरुष वीटभट्ट्यांवर नाहीतर शहरातल्या इमारतींवर. गावात उरल्या होत्या बायका, म्हातारे आणि पुढारी. सून आणि नात खालच्या तुकड्यात विळे चालवत होत्या. शिव्या ऐकून सुनेनं मान वर केली नाही, कारण म्हाताऱ्याच्या शिव्या म्हणजे त्या घरचं घड्याळ होतं. शिव्या बंद झाल्या तेव्हा मात्र ती विळा टाकून धावली.

म्हातारा दगडांत उताणा पडला होता. डावा पाय आखूड झाल्यासारखा, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं.

"हात लावू नकोस," तो म्हणाला.

"दुखतंय?"

"नाही, गुदगुल्या होतायत. खुबा गेला माझा."

"कशावरून?"

"असे पाय मी तुझ्या जन्माच्या आधी बघितलेत. खोपटाचं दार काढ. आणि त्या पोरीला सांग, रडायचं असेल तर तिकडे जाऊन रड, माझ्यावर थेंब पाडू नको."

नात रडत नव्हती. ती दाराच्या बिजागऱ्या विळ्याच्या टोकानं उचकटत होती. वय विशीचं, मनगट बापासारखं रुंद. मायलेकींनी म्हाताऱ्याला दारावर सरकवलं, दोन पायांच्या मध्ये कडब्याची पेंढी घालून मोडका पाय बांधला आणि घरी आणलं. वाटेत म्हाताऱ्यानं दोघींच्या सात पिढ्या काढल्या. त्यातल्या काही त्याच्या स्वतःच्याच होत्या, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

*

संध्याकाळच्या आत पुढारी आला. कडक इस्त्रीचे कपडे, मागे फोन धरून एक चेला. ओसरीवर बसायच्या आधी त्यानं फुंकर मारून धूळ उडवली.

"बाबा, हे काय करून घेतलंत? तुम्ही गावाची शान."

"शानेचा खुबा मोडलाय," म्हातारा म्हणाला. "जीप आण."

"आणली असती हो. पण वळणावर दरड बसलीय ना."

"दरड नाही बसली. रस्ता उठून गेला."

ते खरं होतं. गावापासून खालच्या डांबरी सडकेपर्यंत गाडीवाट झाली होती, म्हणजे झाली असं पुढाऱ्यानं भाषणात सांगितलं होतं. कंत्राट त्याच्या मेहुण्याचं. मेहुण्यानं वळणावरची भिंत अशी बांधली, की शेळी टेकली तरी माती गळायची. पहिल्याच मोठ्या पावसात भिंत, वाट आणि वरची टेकडी एकमेकांच्या गळ्यात पडून खाली गेली. मेहुण्याचा नवा मजला तेवढा जागेवर राहिला.

"चार-आठ दिवसांत दरड उपसतो," पुढारी म्हणाला. "जीप थेट तुमच्या दारात."

"चार-आठ दिवस हे असेच पडून राहणार?" सुनेनं विचारलं.

"मग काय करणार, बाई? उचलायला गडीमाणूस आहे का गावात? मी एकटा काय काय करू?"

तो गेला. जाताना चेल्यानं म्हाताऱ्याचा फोटो काढला. म्हाताऱ्यानं त्यासाठी तोंड वाकडं केलं, पण फोटोत ते दुखण्यानं वाकडं झाल्यासारखं आलं असणार.

दरवर्षी शाळेच्या पटांगणात कार्यक्रम व्हायचा आणि पुढारी म्हाताऱ्याला फौजेचा कोट घालून यायला सांगायचा. पुढारी मांडवात, म्हातारा उन्हात. शाळेतल्या पोरांबरोबर त्याला दोन फेऱ्या चालायला लावायचे. आणि दरवर्षी म्हाताऱ्याचं पाऊल चुकायचं. सगळ्यांचा डावा पडला की ह्याचा उजवा. लोक खदाखदा हसायचे. "काय फौजी, लढाईत पण असंच चालायचात?" म्हातारा उत्तर द्यायचा नाही. ऐकायचंच नसेल त्याला काय सांगायचं!

तो भरती झाला होता बुटांसाठी. अठराव्या वर्षापर्यंत त्याच्या पायात काही नव्हतं. भरतीवाल्यांनी खांदे बघितले, दगड उचलायला लावला आणि बंदुकीऐवजी हातात स्ट्रेचर दिलं. दोन बांबू, मध्ये जाडं कापड, खांद्यावर टाकायला पट्टे. लढाई लागली तेव्हा बाकीचे डोंगर चढत होते आणि हा उतरत होता. परत चढायचा ते पुढच्याला आणायला. किती जणांना खाली आणलं, ते त्यानं मोजलं नाही. मोजणारे वेगळे होते. त्यांना पदकं मिळाली.

सुटून गावी आला तेव्हा भंगारात काढलेलं एक स्ट्रेचर मागून घेऊन आला. गावानं डोळे मोठे केले. लढाईवरून माणसं काहीतरी आणतात, ह्यानं आणली खाट! त्या दिवसापासून त्याचं नाव खाटफौजी पडलं. हसून हसून गाव दमलं आणि मग एकेक जण त्याच्याच दारात येऊ लागला. साप चावलेला. झाडावरून पडलेला. अडलेली बाई. डोंगर उतरवायला दुसरा उपाय नव्हता. म्हातारा, तेव्हाचा जवान, तीन गडी गोळा करायचा आणि निघायचा. उन्हात, चिखलात, जेवणावरून उठून. खुद्द पुढाऱ्याचा जन्म त्या खाटेवरचा. आई अडली म्हणून उतरवत होते आणि वळणावर पोचायच्या आतच साहेब बाहेर आले. म्हातारा म्हणायचा, तेव्हापासून त्याला दुसऱ्याच्या खांद्यावर बसायची चटक लागली.

मग एका सालात त्याच्या स्वतःच्या मुलाच्या पोटात दुखायला लागलं. मुलगा घडीघडीला पांढरा पडत गेला. म्हाताऱ्यानं उशाकडचा दांडा धरला. वळण ओलांडलं, डांबरी सडक दिसायला लागली आणि शेजारचा गडी म्हणाला, "फौजी, थांब." सडकेपर्यंत न जाताच ते परत फिरले. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यानं स्ट्रेचरचे पट्टे सुरीनं कापले, बैलाच्या जोत्याला लावले आणि कापडासकट बांबू माळ्यावर फेकले. त्यानंतर त्याच्या दारात जो आला, त्याला त्यानं फक्त माळा दाखवला. न्यायची असेल तर न्या. पट्ट्यांवाचून ती खाट कुणाला पेलली नाही.

*

सकाळी सुनेनं माळ्यावर चढून कणसं बाजूला केली आणि बांबू खाली ढकलले. धूळ म्हाताऱ्याच्या तोंडावर पडली.

"हे काय चाललंय?"

"तुम्हाला खाली न्यायचं."

"मला नाही जायचं."

"विचारलं नाही मी."

"हे बघ, सूनबाई." म्हातारा एकदम मऊ बोलायला लागला, आणि त्याचं मऊ बोलणं सुनेला शिव्यांपेक्षा जास्त लागायचं. "मला ठाऊक आहे पुढे काय होतं. माणूस पडून राहतो, छातीत पाणी साठतं, ताप येतो, झोप लागते. फार त्रास नसतो. वय झालंय माझं. पीक उभं आहे, ते बघ."

"आणि तोवर हगणं-मुतणं कोण काढणार? पुढारी?"

म्हाताऱ्यानं तोंडावरची धूळ पुसली.

"छातीत पाणी साठेपर्यंत मी ओला कपडा घेऊन उशाशी बसू? आणि तुम्ही म्हणणार, फार त्रास नाही. तुम्हाला नसेल हो, मामंजी! मला आहे. बांध अर्धा पडलाय. तो रचायला मला येत नाही. ह्या घरात मला शिव्या घालायला दुसरं कुणी उरलेलं नाही."

"बायांना जमायचं नाही. अर्ध्या वाटेत टाकाल मला."

सून उठली. तिच्या हातातलं कणीस तिनं खाली ठेवलं, नीट, जपून, जसं रागावलेलं माणूस वस्तू ठेवतं.

"त्या दिवशीही हेच म्हणालात. चौथा गडी मिळेना म्हणून तुम्ही घरोघर फिरलात. मी इथं, ह्या उंबऱ्यात उभी होते. म्हटलं, मी धरते. तुम्ही म्हणालात, बाईमाणसाचं काम नाही, आत बस. मी बसले आत. गडी शोधण्यात अर्धा दिवस गेला, मामंजी."

नात दारात दळणाचा डबा घेऊन थबकली. हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. बाहेर कोंबडी ओरडत होती. म्हाताऱ्यानं छताकडे बघितलं, माळ्याच्या रिकाम्या जागेकडे बघितलं.

मग तो म्हणाला, "पट्टे नाहीत."

सुनेला तेवढं पुरलं. तिनं कोपऱ्यातली पेटी उघडली आणि फौजेचा कोट काढला. जाडं, उबदार कापड. वर्षभर घडीत, एक दिवस उन्हात. तो काखेत मारून ती शिंपिणीकडे गेली आणि शिंपिणीला, मशिनीला आणि शेजारच्या गवंडिणीला घेऊन परत आली.

शिंपीण घागरीसारखी गोल बाई, तोंडात कायम दोन टाचण्या आणि तरी बोलणं चालू. तिनं कोट ओसरीवर पसरला, बोटानं कापड चोळलं.

"असलं कापड आता मिळत नाही. कात्री लावायची म्हणजे जिवावर येतं. फौजी, लावू का?"

सगळ्या म्हाताऱ्याकडे बघायला लागल्या.

"बटणं काढून घे आधी," म्हातारा म्हणाला. "पितळेची आहेत."

कात्री कोटात शिरली. पाठीचे दोन पट्टे निघाले, बाह्यांचे दोन. शिंपिणीनं चार पदरी शिवण घातली आणि प्रत्येक पट्टा पायाखाली धरून, दोन्ही हातांनी ओढून बघितला. म्हाताऱ्यानं पडल्या पडल्या हुकूम सोडला, "खांद्यावर येतो तिथे घडी घाल. नाहीतर मांस कापतं." तिनं घडी घातली. उरलेल्या कॉलरचं काय करू, तिनं विचारलं. "पुढाऱ्याला पाठव," म्हातारा म्हणाला.

*

ऊन चढायच्या आत निघाल्या. पुढे गवंडीण आणि शिंपीण, मागे उशाकडे सून आणि नात. शेजारपाजारच्या बायका आळीपाळीनं धरायला म्हणून मागून चालू लागल्या.

"किती हलके हो तुम्ही," शिंपीण म्हणाली. "नुसती हाडं."

"जड हाडंच असतात. तुझ्या अंगावर आहे ते हलकं."

"मग मला उचलायला तुम्ही या."

वेशीपर्यंत हसणं पुरलं. मग उतार लागला आणि स्ट्रेचर झुलायला लागलं. आधी थोडं, मग पाळण्यासारखं. म्हातारा दात खाऊन पडला होता, पण एका हेलकाव्याला त्याच्या तोंडून असा आवाज निघाला, की चौघी जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"काय झालं? आम्ही तर किती सांभाळून चाललोय!" गवंडीण म्हणाली. "सगळ्या एका वेळी पाऊल टाकतोय. मी मोजतेय ना, एक-दोन, एक-दोन."

"तेच चुकतंय!" म्हातारा ओरडला. "पाऊल जुळवू नका! जुळवलं की खाट झुलते. पुढचीनं डावा टाकला की मागचीनं उजवा टाकायचा. तोडा पाऊल!"

"असं कुठं असतं, आजोबा?" नात म्हणाली. "फौजेत तर सगळे एकत्र चालतात."

"सगळे चालतात. आम्ही नाही. पहिल्या दिवशी शिकवलं होतं आम्हाला. बाकीचे चालतात बघणाऱ्यांसाठी. आपण चालायचं ते निजलेल्यासाठी."

नातीनं दांडा घट्ट धरला. तिच्या डोळ्यांसमोर पटांगण आलं असावं, दरवर्षीचं ऊन आणि हसणारे लोक. कारण ती हसली नाही, काही बोललीही नाही. तिनं फक्त उजवा पाय पुढे टाकला.

जमायला वेळ लागला. आयुष्यभर दुसऱ्याच्या चालीनं चाललेल्या बायका, त्यांना चाल मोडणं जड गेलं. पाय आपोआप जुळायचे. मग म्हातारा पडल्या पडल्या ठेका धरायचा, शिव्यांचा. एक शिवी पुढच्यांसाठी, एक मागच्यांसाठी. हळूहळू खाट स्थिर झाली. खडी पायाखालून सरकत होती, पट्टे खांद्यात रुतत होते, शिंपिणीच्या गुडघ्यातून कटकट आवाज येत होता, पण वरचं माणूस हलत नव्हतं. म्हाताऱ्याच्या पोटावर ठेवलेल्या तांब्यातलं पाणी सांडत नव्हतं. तो तांब्या त्यानंच ठेवायला लावला होता.

अर्ध्या उतारावर मागून पुढारी धावत आला. चेला आणि फोन बरोबर.

"अरे अरे, बायकांनी? मी असताना? सोड पोरी, मी धरतो."

नातीच्या खांद्यावरचा पट्टा त्यानं ओढून स्वतःच्या खांद्यावर घेतला. मान ताठ केली, चेल्याकडे एक नजर टाकली आणि गवंडिणीच्या पाठीवर डोळा ठेवून, तिच्या पावलाला पाऊल जुळवून, मिरवणुकीत चालल्यासारखा चालू लागला. चार पावलांत तांब्या लवंडला. पाणी म्हाताऱ्याच्या कमरेवर गेलं आणि वेदना थेट मस्तकात.

"ह्याला काढा!" म्हातारा गरजला. "ह्याला आधी काढा! ह्याला मिरवायची सवय आहे, न्यायची नाही!"

नातीनं पट्टा परत घेतला. पुढारी हसत हसत बाजूला झाला. पण हसणं चेहऱ्यावर बसत नव्हतं, मेहुण्याच्या भिंतीसारखं गळत होतं.

दरडीवर वाट नव्हतीच. चिखल, दगड, उपटलेली झाडं आणि मध्येच सिमेंटचं एखादं ढेकूळ, हातानं कुस्करलं तर वाळू होणारं. पाय घोट्यापर्यंत आत जात होता. मागच्या बायका पुढे झाल्या, रांग लावली आणि स्ट्रेचर हातोहात पुढे सरकवलं. एकीनं सोडायच्या आधी दुसरीनं पकडायचं. गवंडिणीची चप्पल चिखलात राहिली. तिनं मागे वळून बघितलं नाही. सून तेवढी सगळा वेळ उशाकडच्या दांड्यावर राहिली, कुणी मागितला तरी तिनं तो सोडला नाही.

ते वळण ओलांडलं. पलीकडे डांबरी सडक उन्हात चमकत होती. सुनेच्या पावलाचा वेग किंचित कमी झाला. म्हाताऱ्याला ते कळलं. त्याला खालून तिची हनुवटी दिसत होती, हनुवटीवरून लोंबणारा घाम, आणि तिच्यामागे आभाळ.

"सूनबाई," तो म्हणाला. "मी एवढ्यांना नेलं, पण निजलेल्याला काय दिसतं ते मला आज कळलं. आभाळ, आणि नेणाऱ्याची हनुवटी. एवढंच." मग तो म्हणाला, "त्यालाही हेच दिसलं असणार. माझी हनुवटी."

घामाचा थेंब त्याच्या कपाळावर पडला. घामच होता असं नाही.

"बोलू नका," सून म्हणाली. "बोललं की वजन वाढतं."

आणि ती सडकेकडे चालू लागली.

*

सडकेवर भाजीचा टेंपो थांबला. कोबीच्या गोण्यांवर स्ट्रेचर ठेवून मायलेकी दोन्ही बाजूंनी धरून बसल्या. शहरातल्या सरकारी दवाखान्यात हाडांची डॉक्टरीण होती. म्हाताऱ्याला तपासून ती म्हणाली, वेळेत आणलंत. बिछान्यावर किती दिवस काढायचे, म्हाताऱ्यानं विचारलं. "उद्या ऑपरेशन, परवा तुम्हाला उभं करणार," ती म्हणाली. म्हाताऱ्यानं तिला शिवी दिली, तिनं ती हसून घेतली, आणि त्या दिवशी तरी त्याला मरायचं विसरायला झालं.

पीक शेजारच्या बायकांनी कापलं. म्हातारा परत आला तोही चौघींच्या खांद्यावरून, ह्या वेळी चढ. चढाला डोकं वर हवं म्हणून पाय मागे घ्या, हे त्यानं शिकवलं. कसं धरायचं, कुठं टेकायचं, थकलेलीनं थकले म्हणून कसं सांगायचं आणि लाजायचं कसं नाही, हेही. थंडी सरेपर्यंत तो कुबड्यांवरून काठीवर आला. काठी टेकत बांधाशी जायचा आणि दगडावर बसून नातीला सांगायचा, हा दगड असा नको, पोटाकडून बसव. बांध उभा राहिला. थोडा वाकडा, पण उभा.

बायकांनी दर आठवड्याला खाट बाहेर काढायची रीत पाडली. वाकलेली, पोटुशी, तापलेली, जी असेल ती उतरवायची. कुणी नसेल तेव्हा धान्याचं पोतं घालून सराव. म्हातारा वेशीवरच्या पारावर काठी आपटत ओरडायचा.

अशाच एका सरावाच्या दिवशी पुढारी आला. पटांगणातला कार्यक्रम जवळ आला होता.

"बाबा, यंदा तुमचा मोठा सत्कार. कोट घालून या."

"कोट नाही."

"म्हणजे?"

म्हाताऱ्यानं काठीनं बायकांच्या खांद्यांकडे दाखवलं. पुढाऱ्याला कळायला जरा वेळ लागला. मग त्याचं डोकं चाललं, जसं त्याचं चालायचं.

"उत्तम! ह्याचंच काहीतरी करू की. गावच्या रणरागिणी! फोटो काढू या. पोतं काय ठेवलंय? माणूस पाहिजे. मी निजतो."

शिंपिणीनं तोंडातल्या टाचण्या काढल्या. सुनेनं तिच्याकडे बघितलं, नातीनं गवंडिणीकडे. पोतं उतरलं. पुढारी इस्त्री सांभाळत खाटेवर निजला, हात छातीवर, चेहरा चेल्याच्या फोनकडे.

"उचला," म्हातारा म्हणाला.

त्याला वाटलं होतं पाराभोवती एक फेरी होईल. पण त्या वेशीबाहेर पडल्या. "बस झालं," तो म्हणाला. त्या चालत राहिल्या. तो उठून बसायला गेला, तर नात शांतपणे म्हणाली, "हलू नका, तोल जाईल," आणि खालची दरी बघून तो निमूट आडवा झाला. चेला बिचारा थोडं अंतर धावला आणि परत फिरला. मागून म्हाताऱ्याची आरोळी उतारभर येत होती, "पाऊल जुळवू नका!" खाट इतकी स्थिर चालली होती, की पुढाऱ्याला करण्यासारखं काहीच नव्हतं. फक्त वर बघायचं. आभाळ होतं, आणि उशाशी दोन हनुवट्या, घामानं भिजलेल्या, त्याच्याकडे न बघणाऱ्या.

वळणावर, दरडीच्या मधोमध, मेहुण्याच्या सिमेंटच्या ढेकळांशेजारी त्यांनी खाट खाली ठेवली. पुढारी उतरल्यावर खाट परत उचलली.

"आता?" त्यानं विचारलं.

"आता या चालत," सून म्हणाली. "वाट तुम्हाला ठाऊक आहे. तुमचा जन्म ह्याच वाटेवरचा."

तो परत वर पोचला तेव्हा इस्त्री गेली होती, एक बूट दरडीच्या दगडांत राहिला होता आणि धाप लागली होती. म्हातारा अजून पारावरच बसलेला. त्यानं काठी बाजूला घेतली.

"कसा आहे रस्ता?"

पुढाऱ्यानं तोंड उघडलं. त्या तोंडातून आजवर जे निघायचं ते निघायला तयार होतं, पण दम नव्हता.

"रस्ता," तो म्हणाला, "नाहीच आहे."

म्हाताऱ्यानं त्याच्या एका अनवाणी पायाकडे बराच वेळ बघितलं. मग सरकून पारावर जागा केली.

"बस," तो म्हणाला. "आधी पाणी पी. मग तुझ्या मेहुण्याला बोलाव. त्याला सांग, कुदळ घेऊन ये."